लॅपटॉप चालू करण्याआधी: कडा, पोर्ट आणि टचपॅडची नीट ओळख

घरात लॅपटॉप आला की झाकण उघडून आधी पॉवरचं बटण दाबायची घाई होते. माझा आग्रह असा की पहिला अर्धा तास तो बंदच ठेवा, टेबलावर घ्या आणि चारही कडा नीट पाहून घ्या. कुठल्या खाचेत काय जातं, हवा कुठून येते, चार्जर कुठे लागतो, हे एकदा नजरेखालून गेलं की निम्मी भीती तिथेच सरते.

आमच्या इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागात मला दोन तऱ्हेचे शिकणारे भेटतात. एक म्हणजे एम.पी. बोर्डातून बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलं. राज्य सरकार त्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं आणि कितीतरी घरांत पहिला लॅपटॉप तसाच येतो. दुसरे म्हणजे निवृत्त काका-काकू. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला असतात आणि सुट्टीत येताना आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून जातात. मोबाइल दोघांच्याही हातात बसलेला असतो. अडतं ते लॅपटॉपच्या बाहेरच्या अंगाशी. पिन उलटी घुसवली जाते, भलताच चार्जर लावला जातो, टचपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या खालच्या सपाट चौकोनावर, बोट कसं फिरवायचं ते कळत नाही.

सामान फारसं लागत नाही: मोबाइलचा टॉर्च, कोरडं मऊ फडकं, कागद आणि पेन. पोर्टबद्दल, म्हणजे वायरी लावायच्या खाचांबद्दल, जे लिहिलंय ते कुठल्याही लॅपटॉपला लागू पडेल. टचपॅडच्या भागात विंडोज ११ गृहीत धरलंय, कारण आपल्याकडे नवीन घेतलेल्या लॅपटॉपवर बहुधा तेच असतं.

आधी पालथा घाला

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, टेबलावर फडकं पसरा आणि त्यावर तो पालथा ठेवा. पाठीवर एक स्टिकर किंवा बारीक छापील मजकूर दिसेल. त्यात मॉडेलचं नाव आणि सीरियल नंबर असतो. त्याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये चार्जर, बॅटरी, काहीही घ्यायला गेलात की दुकानदार पहिला प्रश्न मॉडेलचाच विचारतो, आणि "काळा आहे, पंधरा इंची" एवढ्या उत्तराने काम होत नाही.

पाठीवर बारीक फटींची जाळी असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये पंखा तिथून थंड हवा आत ओढतो आणि गरम हवा बाजूच्या कडेने किंवा बिजागरीजवळून बाहेर टाकतो. कोपऱ्यातले रबरी पाय लॅपटॉपला टेबलापासून किंचित उचलून धरतात, म्हणजे जाळीखाली हवेला वाट राहते. एखादा पाय निघाला तर फेकू नका, परत चिकटवा. गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या शालीवर लॅपटॉप ठेवला की ही वाट बुजते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा तर त्याचा परिणाम लगेच दिसतो. आतला प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपल्याला वाटतं लॅपटॉप खराब झाला. गरम हवा कुठून निघते ते नंतर लॅपटॉप चालू असताना कडेजवळ तळहात धरून पाहून ठेवा, आणि ती बाजू भिंतीला किंवा पुस्तकांना टेकवू नका.

जाळीतली धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. सुई, टाचणी, केसांची पिन आत घालू नका.

चार्जर: आकड्यांची भाषा

चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत माहिती छापलेली असते. ती टॉर्चखाली वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असं असतं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, त्यामुळे तिथे चिंता नाही. महत्त्वाची ओळ आउटपुटची. समजा तिथे १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलंय. दोन्हींचा गुणाकार सुमारे ६५, म्हणजे हा ६५ वॉटचा चार्जर.

गोल पिनचा दुसरा चार्जर घ्यायची वेळ आली तर नियम असा: व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिनेचा व्यासही तोच हवा. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. म्हणून पिन सरळ रेषेत घाला, सरळच काढा, आणि वायरीला धरून ओढू नका.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत ती वारंवार दिसते. चार्जिंग चालू असताना धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की हलक्या झिणझिण्या येतात. याचं कारण बहुधा भिंतीत असतं. चार्जरच्या तीन पिनांपैकी वरची जाड पिन अर्थिंगची. वायरिंगमध्ये अर्थिंग नसेल, ढिलं असेल, किंवा आपण मध्ये दोन पिनांचा जोड लावला असेल, तर चार्जरमधून झिरपणाऱ्या अगदी थोड्या विजेला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही आणि ती आपल्या हातावर जाणवते. अशा वेळी चार्जर काढून बॅटरीवर काम करा आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. फ्रिज आणि गीझर असलेल्या घरात ही तपासणी तशीही व्हायलाच हवी. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर चार्जर बोर्डातून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पोर्ट: जोर लावायचा नाही, खूण वाचायची

लॅपटॉप सरळ करा आणि डाव्या कडेपासून सुरुवात करा. कागदावर लॅपटॉपचा आयत काढा आणि दिसेल ते पोर्ट त्या त्या जागी नोंदवा. आकार पाहाच, पण त्याच्या शेजारची इवलीशी खूण आधी पाहा. पोर्ट काय काय करू शकतो ते ती खूण सांगते.

चपटं, आयताकृती तोंड म्हणजे यूएसबी-ए. पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर यात लागतात. टॉर्च मारलात तर आत प्लास्टिकची एक पट्टी दिसेल, बहुधा वरच्या बाजूला. पेन ड्राइव्हच्या तोंडातही तशीच पट्टी असते. पोर्टाची पट्टी वर असेल तर पेन ड्राइव्हची खाली हवी, म्हणजे दोन्ही एकमेकींवर बसतात. केबलच्या तोंडावर त्रिशूळासारखी खूण कोरलेली असते, आडव्या पोर्टात ती सहसा वर येते. जात नसेल तर उलटा करा. तरीही जात नसेल तर पुन्हा टॉर्च मारा, आत काहीतरी अडकलेलं असेल.

पट्टीचा रंगही उपयोगी पडतो. निळी असेल तर तो यूएसबी ३.०, म्हणजे २००८ साली आलेला, सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत जाणारा. काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा २००० सालचा यूएसबी २.०, ज्याचा वेग ४८० मेगाबिटचा. लग्नाचे फोटो-व्हिडिओ भरलेली हार्ड डिस्क निळ्यात लावा, फार वेळ वाचतो. रंगाचा नियम सगळ्याच कंपन्या पाळत नाहीत, म्हणून शेजारी त्रिशूळाबरोबर 'एसएस' अक्षरं आहेत का ते बघा, ती जास्त भरवशाची. विजेची खूण असेल तर लॅपटॉप झोपलेला असतानाही त्या पोर्टातून मोबाइल चार्ज होतो.

बिनवायरी माउसचा छोटा रिसीव्हर मात्र काळ्या पोर्टात लावावा, असं माझं मत आहे. हे रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वेगवान यूएसबी ३ चं काम सुरू असलं की त्याच पट्ट्यात गोंगाट तयार होतो. निळ्या पोर्टात हार्ड डिस्क आणि लगेच शेजारी माउसचा रिसीव्हर असेल तर पडद्यावरचा माउसचा बाण अडखळत चालतो. लोक माउसचे सेल बदलत बसतात. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टात नेला की बहुतेक वेळा काम होतं.

लहान, लंबगोल तोंडाचा यूएसबी-सी २०१४ साली आला. आत २४ पिना असतात आणि तो कसाही घातला तरी बसतो. घालायला सगळ्यांत सोपा हाच, आणि सर्वांत जास्त घोटाळाही याचाच, कारण तोंड एकच असलं तरी अंगात काय आहे ते प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळं. काहींत फक्त फाइली जातात-येतात. काहींतून लॅपटॉप चार्जही होतो. काहींतून टीव्ही किंवा मॉनिटरवर चित्रही पाठवता येतं. शेजारी चार्जरच्या पिनेची किंवा बॅटरीची खूण असेल तर चार्जिंग होतं. 'डी' आणि 'पी' एकमेकांत गुंफलेली खूण असेल तर चित्र जातं. बाणाचं टोक असलेली वीज म्हणजे थंडरबोल्ट, त्यात बहुधा हे सगळंच होतं आणि वेगही मोठा. खूणच नसेल तर अंदाज बांधू नका, पाठीवरचं मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पोर्टांची यादी वाचा.

केबलचंही तसंच. मोबाइलबरोबर आलेली सी केबल लॅपटॉपला लावली तर बरेचदा वेग यूएसबी २.० चाच मिळतो. साधी केबल ६० वॉटपर्यंत वीज नेते. त्याहून जास्त हवी असेल तर ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. दुकानात "टाइप सी द्या" म्हणण्याऐवजी "१०० वॉटची, लॅपटॉप चार्जिंगसाठी" असं स्पष्ट सांगा. गोल पिनेचे चार्जर हळूहळू मागे पडणार आहेत. युरोपीय संघाने तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. म्हणून नवा लॅपटॉप घेताना सी पोर्टातून चार्जिंग होतं का, हे जरूर विचारा.

टीव्ही आणि मंडळाचा प्रोजेक्टर

खालचे दोन कोपरे छाटल्यासारखं दिसणारं रुंद तोंड म्हणजे एचडीएमआय. आत १९ पिना असतात आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच केबलने जातात. टीव्हीला जोडताना केबल दोन्हीकडे नीट बसवा, रिमोटवर इनपुट किंवा सोर्स दाबून त्याच क्रमांकाचं एचडीएमआय निवडा, मग लॅपटॉपवर विंडोजचं, म्हणजे खिडकीच्या खुणेचं, बटण धरून 'पी' दाबा. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे तेच चित्र, दोन्ही पडदे मिळून एक मोठा पडदा, आणि फक्त टीव्ही. घरी नातवंडांचे व्हिडिओ बघायला दुसरा पर्याय पुरतो. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, असं झालं तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजाचं ठिकाण टीव्ही करा.

गणेशोत्सवात खरी कसोटी लागते. सभागृहातला प्रोजेक्टर जुना, त्याला तीन ओळींत पंधरा भोकांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला व्हीजीए पोर्ट. हा १९८७ सालचा. आणि मुलांनी आणलेला लॅपटॉप नवा, त्यात फक्त एचडीएमआय. इथे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी नुसती वायर चालत नाही. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग, म्हणून मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएतून आवाज जातच नाही. तेव्हा ३.५ मिलिमीटरच्या गोल जॅकमधून स्पीकरला वेगळी वायर न्यावी लागते. ही सगळी जोडणी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्याच प्रोजेक्टरवर करून बघा. व्हीजीएचे स्क्रू बोटांनीच आवळा, म्हणजे कोणाचा पाय वायरीत अडकला तरी जोडणी लगेच सुटत नाही.

बाकीचे पोर्ट पटकन सांगते. हेडफोनच्या खुणेचा गोल जॅक ओळखायला सोपा. ज्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात त्यात माइकही असतो. टेलिफोनच्या खाचेसारखी पण जास्त रुंद चौकोनी खाच लॅनची, म्हणजे इंटरनेटच्या वायरची, वायर बसताना 'टक' असा आवाज येतो, काढताना आधी प्लास्टिकचा छोटा खटका दाबायचा. पातळ लॅपटॉपमध्ये या खाचेचा खालचा जबडा बोटाने उघडावा लागतो. तो तुटलेला नसतो, तशीच त्याची रचना असते. बारीक लांबट फट असेल तर कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड. साखळी-कुलूप अडकवायचं छोटं आयताकृती भोकही अनेकांत असतं, वाचनालयात बसणाऱ्या मुलांना ते कामाचं.

पेन ड्राइव्ह काढताना पडद्याच्या खाली उजवीकडच्या बाणावर जा, यूएसबीच्या चिन्हावर 'इजेक्ट' निवडा आणि मगच काढा. फाइल लिहिली जात असताना ओढून काढलात तर ती अर्धवट राहू शकते.

झाकण उघडल्यावर

झाकण मधोमध धरून उचला. रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं की त्या बाजूच्या बिजागरीवर ताण येतो आणि पुढे तिथलं प्लास्टिक तडकतं. वर मधोमध कॅमेरा, शेजारी तो चालू असल्याचा दिवा. काहींना कॅमेऱ्यावर सरकणारी बारीक पट्टी असते. "व्हिडिओ कॉलवर मी दिसतच नाही" अशी तक्रार आली की मी आधी ती पट्टी बघायला सांगते. सुईच्या टोकाएवढी भोकं माइकची, त्यांवर टिकली किंवा स्टिकर चिकटवू नका.

टचपॅड: मोबाइलची सवय थोडी बाजूला ठेवा

मोबाइलवर जिथे बोट तिथे काम. टचपॅड तसा चालत नाही. टचपॅडचा डावा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा कोपरा नव्हे. तो फक्त बोट कुठल्या दिशेला आणि किती सरकलं एवढंच मोजतो. शेजारच्या काकूंना बाण पडद्याच्या उजव्या टोकाला न्यायचा होता. बोट टचपॅडच्या कडेला पोचलं आणि त्या तिथेच दाबत राहिल्या.

"अगं, जागाच संपली."

"काकू, बोट उचला. बाण जिथे आहे तिथेच राहील. आता बोट परत मधे ठेवा आणि पुन्हा उजवीकडे सरकवा."

बाण पुढे गेला आणि काकूंचा चेहरा खुलला. उचला, मधे ठेवा, सरकवा, ही एवढी हालचाल हाताला बसली की टचपॅड निम्मा आला. बाकी सगळं यावरच उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पृष्ठभागाखाली विजेच्या बारीक वाहक रेषांचं जाळं असतं. आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे जवळ आलं की तिथलं विद्युत क्षेत्र बदलतं आणि जागा कळते. म्हणून नखाने किंवा पेनाने काही होत नाही, आणि ओल्या हाताने बाण वेडावाकडा पळतो. स्वयंपाकघरातून उठून आलात तर हात पुसून कोरडे करा. बोटाचा गुबगुबीत भाग वापरा, टोक नको. मनगट टेकवा पण तळहात टचपॅडवर पडू देऊ नका.

आता क्रमाने सराव करा. एका बोटाने हलकं टेकवून लगेच उचललं की ते डावं क्लिक. दाबायची गरज नसते. दाबायचंच असेल तर खालच्या भागात दाबा, कारण अनेक टचपॅड वरच्या कडेला जोडलेले असतात आणि वर दाबले जात नाहीत. दोन बोटं एकदम टेकवली की उजवं क्लिक, फाइलची यादीवजा मेन्यू उघडते. दोन बोटं टेकवून वर-खाली सरकवली की पान सरकतं. दिशा उलटी वाटत असेल तर ती सेटिंगमध्ये बदलता येते. दोन बोटं एकमेकांपासून लांब नेली की चित्र किंवा मजकूर मोठा होतो, ही सवय मोबाइलमुळे आधीच असते.

फाइल उचलून दुसरीकडे नेणं, म्हणजे ड्रॅग, सगळ्यांना अवघड जातं. याची रीत अशी: फाइलवर एकदा टेकवा, लगेच दुसऱ्यांदा टेकवा आणि या वेळी बोट न उचलता सरकवा. जमत नसेल तर डाव्या हाताच्या बोटाने खालचा डावा भाग दाबून धरा आणि उजव्या हाताने सरकवा. सरावाला पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ उत्तम. तो १९९० च्या विंडोज ३.० बरोबर पहिल्यांदा आला, आणि पत्ते उचलून ठेवता ठेवता ड्रॅग आपोआप हाताला बसतो.

तीन बोटांचं वळण नंतर घ्या. तीन बोटं वर सरकवली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या एकदम दिसतात, खाली सरकवली की डेस्कटॉप समोर येतो, आडवी सरकवली की एका खिडकीतून दुसरीत जाता येतं. ऑनलाइन वर्गात टिपणं घेणाऱ्या मुलांना हे शेवटचं फार उपयोगी.

बाण फार पळत असेल किंवा टाइप करताना तळहात लागून उड्या मारत असेल तर विंडोजचं बटण आणि 'आय' दाबा. सेटिंग्ज उघडतील. तिथे 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'टचपॅड'. बाणाचा वेग मध्यावर आणा, संवेदनशीलता 'मीडियम' किंवा 'लो' करा. वयस्कर हातांना 'लो' जास्त मानवतं, असा माझा अनुभव.

टचपॅड चालेनासा झाला तर

बहुतेक वेळा तो चुकून बंद झालेला असतो. वरच्या 'एफ' बटणांच्या ओळीत टचपॅडचं छोटं चित्र असलेलं बटण शोधा आणि ते एकट्याने किंवा 'एफएन' धरून दाबा. तरी चालला नाही तर सेटिंग्जमध्ये टचपॅडचा खटका चालू आहे का ते पाहा. बाण हलत नसला तरी टॅब, बाणांची बटणं आणि एंटर वापरून तिथे पोचता येतं. माउस जोडला की टचपॅड बंद होईल अशी सोयही तिथेच असते, ती सुरू असेल तर माउस काढून बघा.

एक लक्षण मात्र वेगळं आणि गंभीर. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, दाबायला कडक झालाय, क्लिक होत नाही, किंवा झाकण सपाट बसत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खाली किंवा अगदी लगत असते आणि जुनी लिथियम बॅटरी फुगली की ती वर ढकलते. असं दिसलं तर चार्जर ताबडतोब काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका आणि पाठ स्वतः उघडू नका. दुकानापर्यंत नेताना तो उन्हात गाडीच्या डिकीत न ठेवता हातातल्या पिशवीत न्या, आणि बॅटरी बदलून होईपर्यंत पुन्हा चार्जिंगला लावू नका.